‘हे आपल्याकडे चालेल का?’ : तंत्रज्ञान विश्लेषक-सल्लागार होऊ पाहणाऱ्यांसाठी

नव्या तंत्रज्ञानाबद्दल बोलणाऱ्यांची वानवा नाही. दूध संघाच्या कार्यकारी संचालकाला, चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदाराला, तालुक्याच्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला दर आठवड्याला कुणी तरी लॅपटॉप उघडून एआय, ड्रोन, सेन्सर नाही तर ब्लॉकचेन दाखवून जातं. दाखवणारा माल विकायला आलेला असतो, त्यात गैर काही नाही. पण टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसून ‘हे आपल्याकडे, एवढ्या पैशात, यंदा चालेल का?’ याचं उत्तर देणारं माणूस बहुतेक ठिकाणी नसतं. तंत्रज्ञान विश्लेषक आणि सल्लागार पैसे घेतो ते या उत्तराचे.

माझं मत आधीच सांगतो. या धंद्यात भविष्य ओळखण्याचा गवगवा फार आणि त्याला मोल कमी. मोल आहे ते पडताळणीला, आणि ‘अजून नको’ हे कारणांसह लिहून देण्याला. पुढे लिहिलेलं सगळं याच समजुतीवर बेतलेलं आहे.

क्षेत्र धरा, तेही एकच

‘उदयोन्मुख तंत्रज्ञान’ हे क्षेत्र होऊ शकत नाही. साखर कारखाना आणि इथेनॉल, विजेवरची तीनचाकी वाहनं, पतसंस्था आणि लहान बँकांचं सॉफ्टवेअर, रुग्णालयांतली निदान-उपकरणं, ही क्षेत्रं झाली. तुम्ही आज ज्या कामात आहात त्याच्या आसपासचंच निवडा. पाच वर्षं लॅबमध्ये काढलेल्या तंत्रज्ञाला रक्ततपासणीच्या नव्या यंत्राबद्दल जे दिसतं, ते व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेल्या मुलाला दिसत नाही. इथे पदवीपेक्षा हा अनुभव उपयोगी पडतो, आणि तो असलेली माणसं उगीचच स्वतःला कमी समजतात.

निवडलेल्या क्षेत्रात तीन गोष्टी पक्क्या करायच्या. वस्तू बनते कशी, तिचे पैसे अखेरीस कोण देतो, आणि ती कोण अडवू शकतो. तिसऱ्याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. वाहन असेल तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी आणि मान्यता लागते. वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे नियम आणि औषध नियंत्रकांची यंत्रणा लागू होते. पैशांच्या देवाणघेवाणीत रिझर्व्ह बँक आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था असतात. ड्रोनला नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. कुठल्या परवानगीवर घोडं अडेल हे तुम्ही आधी सांगू शकलात, तर निम्मं काम तिथेच झालं.

चार ठिकाणं, जिथे जाहिरात चालत नाही

बातम्या आणि कंपन्यांची पत्रकं वाचा, पण त्यावर मत बनवू नका. त्याऐवजी पुढच्या ठिकाणी जायची सवय लावा.

पहिलं म्हणजे पेटंट. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे, जागतिक शोधासाठी ‘पेटंटस्कोप’ आणि ‘एस्पासनेट’ही फुकट. कंपनी ‘आमचं पेटंट आहे’ म्हणते तेव्हा अर्ज नुसता दाखल आहे, प्रसिद्ध झाला आहे, की मंजूर झाला आहे हे पाहायचं. आपल्याकडे अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्याचा मंजुरीशी संबंध नाही. मंजूर झालं तरी कल्पना नवी आहे एवढंच ठरतं, यंत्र शेतात किंवा कारखान्यात नीट चालतं याची हमी पेटंट देत नाही. वाचताना सुरुवातीचं वर्णन भराभर ओलांडून शेवटच्या दाव्यांपाशी थांबा. हक्क किती आणि कशावर मागितला आहे ते तिथे असतं. ही विद्या शिकायला महाराष्ट्रात सोयी आहेत. नागपूरला बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, आणि पुण्यात सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या ‘उर्डिप’ विभागाने पेटंट-माहितीच्या विश्लेषणाचं काम अनेक वर्षं केलं. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असेल तर पेटंट एजंटची परीक्षाही देता येते. सल्लागाराला ती सक्तीची नाही, पण अभ्यासक्रम कामाचा आहे.

दुसरं ठिकाण कंपनी व्यवहार मंत्रालयाचं. शंभर रुपये भरले की कोणत्याही नोंदणीकृत कंपनीचे सादर केलेले ताळेबंद पाहता येतात. ‘देशभर हजारो ग्राहक’ सांगणाऱ्या कंपनीची वर्षाची विक्री तिथे दिसते. शंभर रुपयांत एवढी करमणूक दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तिसरं, सरकारी निविदा. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर आणि केंद्राच्या निविदा पोर्टलवर तांत्रिक अटी असतात, पुष्कळदा निकाल आणि दरही असतात. माहितीपत्रकातली किंमत आणि निविदेत भरलेली किंमत शेजारी ठेवून पाहा.

चौथं ठिकाण म्हणजे वापरणारा माणूस; मालक नव्हे, यंत्रावर रोज उभा असणारा. विक्रेत्याने दिलेल्या नावांखेरीज दोन वापरकर्ते स्वतः शोधायचे, त्यातला एक तरी वापर सोडून दिलेला हवा. त्याला ‘आवडलं का’ विचारू नका. ‘शेवटचं कधी बंद पडलं, आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी आला’ असं विचारा.

थेरानोस या अमेरिकी कंपनीचं उदाहरण इथे आठवण्यासारखं आहे. बोटातून घेतलेल्या काही थेंब रक्तात ढीगभर तपासण्या करण्याचा तिचा दावा होता. २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने शंका जाहीर केल्या आणि २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स फसवणुकीत दोषी ठरली. दाव्याला तज्ज्ञांनी तपासलेल्या शोधनिबंधांचा पुरेसा आधार नव्हता, आणि मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी लेखापरीक्षित हिशेबही मागितले नव्हते. दोन्ही गोष्टी तपासायला असामान्य बुद्धी लागत नव्हती, विचारायचा कोडगेपणा लागत होता.

चौकटी वापरा, त्यांच्या भक्तीत पडू नका

नासाने १९७० च्या दशकात सुरू केलेली आणि पुढे ९ पायऱ्यांची झालेली ‘तंत्रज्ञान सज्जता पातळी’ शिकून घ्या. पहिल्या पायरीवर नुसतं मूलतत्त्व, नवव्या पायरीवर प्रत्यक्ष कामात सिद्ध झालेली प्रणाली. प्रयोगशाळेत चालणं ही चौथी पायरी आहे. विक्रेता बोलतो नवव्याच्या भाषेत आणि वस्तू असते पाचवी-सहावीवर, हे अंतर ग्राहकाला दाखवायला ही मोजपट्टी उत्तम. गार्टनर या संशोधन-सल्ला कंपनीने १९९५ पासून लोकप्रिय केलेला ‘हाइप’चा, म्हणजे नव्या तंत्रज्ञानाभोवतीच्या गवगव्याचा, चढउतार दाखवणारा आलेखही माहीत हवा, कारण ग्राहक तो दाखवून प्रश्न विचारतात. पण त्या वळणावरून प्रत्येक तंत्रज्ञान जातंच असं नाही. पुष्कळशी शिखरानंतरच्या निराशेच्या दरीत पडतात आणि तिथेच राहतात.

मला या चौकटींपेक्षा एक साधा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो: हे चालायला आजूबाजूला आणखी काय काय तयार असावं लागेल? यूपीआयचा इतिहास या नजरेने बघा. मोबाइलवरून तत्काळ पैसे पाठवण्याची आयएमपीएस सेवा २०१० मध्येच सुरू झाली होती. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. त्याच सप्टेंबरात जिओमुळे डेटा स्वस्त झाला, नोव्हेंबरात नोटबंदी झाली, डिसेंबरअखेर भीम ॲप आलं, आणि जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून यूपीआयवर शुल्क घेणं बंद झालं. टपरीवर क्यूआर कोड दिसायला हे सगळं लागलं. २०११ मध्ये ‘मोबाइलवरून पैसे पाठवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे’ असं लिहिणारा विश्लेषक बरोबरच होता, पण त्याच्या सल्ल्यावर त्या वर्षी दुकानदारांसाठी धंदा उभारणाऱ्याला बरीच वाट पाहावी लागली असती. सल्ल्यात वेळ नसेल तर तो अर्धाच.

एक हिशेब शेवटपर्यंत: फवारणीचा ड्रोन

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं ते पाहू. समजा एका शेतकरी उत्पादक कंपनीने विचारलं, ‘फवारणीचा ड्रोन घ्यावा का?’ खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या प्रकरणात प्रत्येक आकडा तुम्हाला बाहेर जाऊन मिळवावा लागेल, आणि खरं काम तेच.

विक्रेत्याचं पान असं असतं: दिवसाला ३० एकर, वर्षात २५० दिवस, एकरी ४०० रुपये, म्हणजे वर्षाला ३० लाख. यंत्र काही महिन्यांत फिटलं!

तुम्ही पहिल्यांदा दिवस मोजायचे. वारा वाढला की फवारा उडतो, म्हणून सकाळचे आणि संध्याकाळचे काही तासच खरे. पाऊस, पिकाची अवस्था, दोन हंगामांमधला रिकामा काळ वजा करा. आपल्याकडे जमिनी तुकड्यातुकड्यांच्या. एका वावरातून दुसऱ्या वावरात गाडी, पाणी, बॅटऱ्या नेण्यात वेळ जातो. वरून विजेच्या तारा आणि बांधावरची झाडं. समजा ९० दिवस आणि दिवसाला १५ एकर निघाले, तर वर्षाला १,३५० एकर. उत्पन्न ५ लाख ४० हजार.

मग खर्च. प्रमाणपत्रधारक चालक महिना १८ हजारांनी वर्षभर ठेवला तर २ लाख १६ हजार. वाहन आणि मदतनीस दिवसाला १,२०० धरून १ लाख ८ हजार. विमा आणि दुरुस्ती ६० हजार. आता बॅटरी, जी विक्रेत्याच्या पानावर सहसा नसते. एका उड्डाणात एक एकर धरला तर वर्षाला १,३५० वेळा चार्जिंग. पाच संच फिरवले तर प्रत्येकाच्या वाट्याला २७०. संचाचं आयुष्य त्याच आसपास आहे असं धरा आणि किंमत ५० हजार. म्हणजे वर्षाला अडीच लाखांच्या बॅटऱ्या संपतात. एकूण खर्च ६ लाख ३४ हजार. ड्रोनच्या किमतीचा एक रुपयाही अजून धरलेला नाही आणि ९४ हजारांची तूट आहे.

इथे थांबून ‘घेऊ नका’ असं लिहिणारा सल्लागार कच्चा. पुढचा प्रश्न असा की काय बदललं तर हे चालेल? बॅटरीचे एकरी सुमारे १८५ आणि वाहनाचे ८० वजा केले तर एकरी १३५ रुपये उरतात. चालक, विमा आणि दुरुस्तीचा स्थिर खर्च २ लाख ७६ हजार. तो भागायला साधारण २,०४५ एकर लागतील, म्हणजे याच गतीने १३६ दिवस. तेवढं काम मिळेल का? शेजारच्या दोन उत्पादक कंपन्या एकत्र आल्या तर मिळेल. चालक हंगामापुरता ठेवला तर आकडा खाली येईल. उसाच्या उभ्या फडात मजुराला फवारणी करता येत नाही, तिथे दर वाढवून मागता येईल का, तेही विचारा.

अनुदानाचं काय? केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत साहाय्य ठेवलं आहे. उत्पादक कंपन्यांसाठीही योजना असतात. पण अनुदानाने खरेदीचा भार हलका होतो, बॅटरी आणि चालकाचा खर्च तसाच राहतो. चालवण्यातच तोटा असेल तर फुकट मिळालेला ड्रोनही शेडमध्ये धूळ खात पडेल. हे वाक्य अहवालात ठळक टाइपात जायला हवं, कारण बैठकीत सगळी चर्चा अनुदानाभोवतीच फिरणार असते.

शेवटी परवानग्या. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २ ते २५ किलोचा ड्रोन ‘स्मॉल’ गटात येतो. व्यावसायिक वापराला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि गाव कोणत्या रंगाच्या हवाई क्षेत्रात आहे ते ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-नकाशावर पाहावं लागतं. कोणतं औषध ड्रोनने फवारायला मान्य आहे तेही तपासा. निष्कर्ष मग असा काहीसा होतो: ‘या हंगामात विकत घेऊ नका. एकरी भाड्याने ३०० एकर करून बघा, रोज किती एकर निघाले याची नोंद ठेवा, आणि १५ एकरांऐवजी २२ एकर दिवसाला निघाले तर आमच्याकडे परत या.’ कोणता आकडा आला तर मत बदलेल, हे लिहिलेलं असणं महत्त्वाचं.

एआयची चाचणी विक्रेत्याच्या कागदांवर घेऊ नका

सध्या दर दुसरा ग्राहक हेच विचारतो, म्हणून थोडक्यात. समजा पतसंस्थेला हाताने भरलेले मराठी अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. विक्रेत्याच्या नमुन्यात अक्षर मोत्यासारखं असतं. तुम्ही संस्थेच्याच फायलींतून दोनशे अर्ज काढा. शाई पसरलेले, दुमडलेले, ‘ध’ आणि ‘घ’ सारखेच काढलेले. उत्तरं आधी माणसाकडून भरून घ्या आणि मग यंत्राची तुलना करा, रकान्यावार. नावात चूक झाली आणि कर्जाच्या रकमेत चूक झाली, या दोन चुका एका टक्केवारीत मिसळू देऊ नका. आणि वेळ मोजा: यंत्राचं काम तपासायला कारकुनाला लागणारा वेळ हा त्याने स्वतः भरण्याच्या वेळेपेक्षा किती कमी आहे? पुष्कळ प्रस्ताव इथेच गळतात. चाचणीआधी खातेदारांची नावं-क्रमांक झाकायचे. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी झाकायला हवेत.

टिपण आणि भाकितांची वही

नोकरी मिळण्याआधीच कामाचा नमुना तयार करता येतो. आपल्या क्षेत्रातलं एक तंत्रज्ञान घ्या आणि दोन पानी टिपण लिहा. पहिल्याच परिच्छेदात निष्कर्ष. मग तो कशावर उभा आहे, कशाची खात्री आहे, काय अंदाजाने धरलं आहे, आणि काय घडलं तर मत बदलेल. ‘क्रांतिकारी’, ‘अफाट संधी’ हे शब्द दिसले की खोडायचे. मराठीत लिहा आणि इंग्रजीतही. संचालक मंडळाची बैठक मराठीत होते आणि बँकेकडे जाणारा प्रस्ताव इंग्रजीत, हे महाराष्ट्रातलं रोजचं चित्र आहे. दोन्हीकडे सहज वावरणारा सल्लागार दुर्मीळ आहे. अशी पाच-सहा चांगली टिपणं एखाद्या महागड्या प्रमाणपत्रापेक्षा मुलाखतीत जास्त बोलतात.

सोबत एक वही ठेवा. प्रत्येक अंदाज तारखेसह, टक्केवारीसह आणि मुदतीसह लिहायचा. ‘विजेवरच्या गाड्या वाढतील’ हा अंदाज नव्हे. ‘पुढच्या मार्चअखेर आपल्या आरटीओच्या हद्दीत नव्याने नोंदलेल्या प्रवासी रिक्षांत निम्म्याहून जास्त विजेवरच्या असतील, शक्यता ६० टक्के’ हा अंदाज झाला; वाहन नोंदणीचे आकडे सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर मिळतात, त्यामुळे तपासताही येतो. वर्षभराने वही उघडली की आपण कुठल्या बाबतीत उतावळे आहोत आणि कुठे उगीच भित्रे, ते कळतं.

पहिली नोकरी

वाटा चार-पाच आहेत. गार्टनर, एव्हरेस्ट ग्रुप, झिनोव यांसारख्या संशोधन-सल्ला कंपन्या. इथे पद्धत आणि लेखनाची शिस्त लागते, पण बराच काळ तुम्ही दुसऱ्याच्या अहवालातले तक्ते भरता. पुण्या-मुंबईतल्या परदेशी कंपन्यांच्या तंत्रज्ञान केंद्रांत नवी साधनं पारखणारे गट असतात. पेटंट-विश्लेषणाच्या कंपन्या आहेत. आणि नवउद्योगांना वाढवणारी केंद्रं, जशी आयआयटी मुंबईचं ‘साइन’ किंवा पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं ‘व्हेंचर सेंटर’. नवशिक्याला मी शेवटची वाट आधी सुचवेन. पगार कमी असला तरी एकाच छताखाली कल्पना येताना, अडकताना आणि मरताना बघायला मिळतात.

स्वतंत्र काम: कागद आधी, गप्पा नंतर

कामाच्या पत्रात प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि काय करणार नाही तेही लिहा. त्यात एक ओळ न विसरता घाला: ज्या वस्तूंबद्दल मत देणार त्यांच्या विक्रेत्यांकडून कमिशन, भेट, सहल काहीही घेणार नाही, आधीचे संबंध असतील तर ते हे असे आहेत. कमिशनचा प्रस्ताव येतोच, बहुधा पहिल्याच वर्षी आणि फार गोड शब्दांत. एकदा घेतलं की पुढचा प्रत्येक ‘होय’ विकत घेतलेला ठरतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अशी बातमी लपत नाही.

एक कुंपण नीट ओळखा. एखाद्या कंपनीचं तंत्रज्ञान कसं आहे हे सांगणं वेगळं, आणि तिचा शेअर घ्या किंवा विका हे मोबदला घेऊन सांगणं वेगळं. दुसऱ्या कामाला सेबीची नोंदणी लागते.

हिशेबाचं थोडं: सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची, दर सहसा १८ टक्के. महाराष्ट्रात व्यवसाय कर भरावा लागतो. बाकी तपशील चार्टर्ड अकाउंटंटकडून एकदा समजून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र पहिल्या दिवशीच करा. ती फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर कायद्याने जबर व्याज लागतं, आणि मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की ग्राहकाचा लेखापालच पैशांची आठवण करून देतो.

फी दिवसावर न ठरवता प्रश्नावर ठरवा, आणि तिचं यंत्राच्या किमतीशी नातं ठेवू नका, नाही तर महाग यंत्र सुचवण्यात तुमचा फायदा दिसू लागेल. निम्मी रक्कम कामाआधी, उरलेली मसुदा हातात दिल्यावर. अंतिम अहवाल मंजूर होण्याची वाट बघायची नाही. ‘नको’ सांगणारा अहवाल मंजूर व्हायला संचालक मंडळाला फार बैठका लागतात.